साखर उतरेपर्यंत

कुठल्याही नव्या जागी पाऊल टाकलं की ताई आधी वर बघायच्या. मंगल कार्यालय असो, बँक असो, नाहीतर कुणाच्या घराचा हॉल. चपला काढता काढता त्यांची मान मागे जायची, डोळे छताच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरायचे आणि मगच समोरच्या माणसाला नमस्कार मिळायचा.

आमच्या ऑफिसातल्या एकाच्या लग्नात मुलाचे वडील दारात हात जोडून उभे होते. ताई त्यांच्या डोक्यावरून वर बघत म्हणाल्या, "तिथं गळतं बघा. पत्र्याची जोडणी उघडी पडलीय."

"कार्यालय भाड्याचं आहे हो, ताई," ते गृहस्थ कसनुसं हसून म्हणाले.

"मग मालकाला सांगा," ताई म्हणाल्या आणि अक्षता घ्यायला पुढे गेल्या.

असं एखादं माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. त्याचं काम त्याच्या अंगात इतकं भिनलेलं असतं की सुट्टीच्या दिवशीसुद्धा ते उतरत नाही. शिंपी बोलताना आपली शिवण बघतो, तशा ताई छत बघायच्या. "पानी कायम वरून येतं," त्या म्हणायच्या, "आन मानसं खाली बघून चालत्यात."

त्या जहाजात भरायचा माल तपासायच्या. हे मी नातेवाइकांना सांगितलं की ठरलेला प्रश्न यायचा: नगरला जहाज कुठून आलं? जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण समुद्र काही जवळ आलेला नाही. मला या प्रश्नाचं उत्तर नीट देता यायचं नाही. ताईंचं मात्र तयार होतं. "जहाज नगरलाच भरतं. बंदरावर नुस्तं झाकन लागतं."

नागापूरच्या एमआयडीसीत आमच्या कंपनीचं लहानसं ऑफिस आहे. पुढे चार टेबलं, मागे प्रयोगशाळा, शेजारी सतत ठोकठोक करणारा एक वर्कशॉप. काम असं की इथला माल परदेशी जातो तेव्हा विकणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नसतात. दोघांचाही विश्वास बसेल असं कुणीतरी मधे लागतं. ते आम्ही. माल तीनदा बघायचा असतो. एकदा गोडाऊनमध्ये, जहाजावर चढायच्या आधी. एकदा चढताना. आणि एकदा पलीकडच्या देशात उतरताना. पहिल्या दोन वेळा आमच्या, तिसरी वेळ तिथल्या तपासनिसाची. ताईंनी इतकी वर्षं पहिल्या दोन वेळा सांभाळल्या होत्या. तिसरी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. आपण भरलेलं जहाज पलीकडे उघडतं तेव्हा कसं दिसतं, हे त्यांना फक्त दुसऱ्याच्या रिपोर्टवरून कळायचं.

"पोरगी सासरी दिल्यावानी हाय हे," त्या म्हणायच्या. "पाठवायची आपन, आन कशी हाय ते त्यांनी सांगायचं."

ताई राजूरकडच्या. घरची भाताची खाचरं. तालुक्याच्या गावी, अकोले इथल्या कॉलेजातून बी.एस्सी. झाल्या आणि नोकरी शोधत डोंगर उतरून थेट नगरला आल्या. लोक शहरात आले की बोलणं बदलतात. ताईंनी बदललं नाही. साखर कारखान्याच्या एमडीशी आणि चहावाल्याशी त्या एकाच आवाजात बोलायच्या, आणि तो आवाज लहान नव्हता. मी पहिल्या दिवशी त्यांना मॅडम म्हटलं, तर म्हणाल्या, "मॅडम शाळेत असत्यात. मला ताई म्हन."

कपड्यांच्या बाबतीत त्या हौशी होत्या. जहाजावर जायचं असलं की पांढरा शुभ्र, कडक इस्त्रीचा शर्ट. कोळसा, गंज, ग्रीस अशा जागी पांढरं कशाला, असं मी एकदा धीर करून विचारलं. "मळलं की कळतं ना," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "आन मला पांढरं शोभतं." हे दुसरं कारण पहिल्यापेक्षा मोठं असावं असं मला वाटतं.

माझं शिक्षण इंग्रजी शाळेतलं, त्यामुळे परदेशी पत्रव्यवहार माझ्याकडे आला. जहाजावर मात्र ताई स्वतःच इंग्रजी बोलायच्या. "तुझं इंग्रजी इस्त्रीचं हाय," त्यांनी मला सांगून टाकलं होतं. "माझं नुस्तं धुतलेलं. पन सोच्छ हाय."

एकदा त्यांनी मला रिकाम्या जहाजाच्या पोटात नेलं. लोखंडी शिडीने खाली, आणखी खाली. तळाशी उभं राहिलं की आपण विहिरीत पडलोय असं वाटतं, फक्त विहीर मैदानाएवढी. ताईंनी वरच्या खलाशाला हाताने खूण केली आणि डोक्यावरची प्रचंड झाकणं घरघरत बंद व्हायला लागली. उजेडाची फट अरुंद होत होत संपली. मिट्ट काळोख. ताईंनी माझं मनगट धरलं.

"आता वर बघ. सूर्य कुठून शिरतोय का सांग."

मी बघत राहिले. बराच वेळ काहीच दिसेना. मग एका कोपऱ्यात सुईएवढा उजेड दिसला.

"तिथं," मी म्हटलं.

"जिथनं ऊन येतं तिथनं समुद्र येतो," ताई म्हणाल्या. "चल, यांना झाकनाचं रबर बदलायला सांगू."

जहाजावरच्या मुख्य अधिकाऱ्याने कपाळाला हात लावला, पण रबर बदललं. ताई तोवर धक्क्यावर डबा उघडून बसल्या होत्या. तांदळाची भाकरी, लसणाची चटणी. "खा," त्या म्हणाल्या. "आज तू जहाज अडवलंस. उपाशी पोटी अडवू नये." इतक्या वर्षांत मला मिळालेल्या शाबासक्यांपैकी ही मी सगळ्यात जपून ठेवली आहे.

पण ताईंबद्दल सांगायचं म्हणजे गुलालाचं सांगायला हवं.

जिल्ह्याच्या पूर्वेच्या कोरड्या भागात एक छोटा साखर कारखाना आहे. त्या भागातली कितीतरी घरं दिवाळी झाली की कोयते घेऊन दुसऱ्यांच्या उसाला जातात. स्वतःच्या भागात कारखाना चालतो, याचंच तिथं अप्रूप. त्या हंगामात त्या कारखान्याच्या नावाची पोती पहिल्यांदाच परदेशी चालली होती, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका बंदराला. खरेदीदाराने सरळ सांगितलं होतं: पोती पांढरी हवीत, कोरडी हवीत, डाग नको, रंग नको. हा माल पसंत पडला तर दरवर्षी घेऊ. नाही पडला तर पुन्हा विचारणार नाही.

आम्ही गोडाऊनमध्ये थप्पी थप्पीने पोती बघितली. ताईंनी आधी छत बघितलं, ते सांगायला नकोच. मग पोत्यांत पोकळ सळई खुपसून नमुने काढले, दाणा हातावर घेऊन उन्हात धरला, शिवणी ओढून बघितल्या. साखर सुंदर होती. ताई चेअरमनना म्हणाल्या, "पास. आता ताडपत्री टाका आन निघा. कुनी हात लावायचा न्हाई."

नमुन्यांच्या पिशव्यांना सील लावायला आम्ही आतल्या खोलीत गेलो, तेवढ्यात बाहेर हलगी सुरू झाली. ताईंनी सील तसंच ठेवलं आणि धावत बाहेर आल्या. मी मागे.

पहिल्या दोन ट्रकना केळीचे खांब बांधले होते. आत काय चाललंय ते लोकांना दिसावं म्हणून ताडपत्र्या मागे सारल्या होत्या. बायका पोत्यांना हळदकुंकू लावत होत्या, नारळ फुटून त्याचं पाणी शिवणीवर सांडलं होतं, आणि केबिनच्या टपावर चढलेली पोरं पिशव्या उपड्या करून गुलाल उधळत होती. आपल्याकडे निवडणूक जिंकली, बैल पहिला आला, पोरगं पोलिसात भरती झालं की गुलाल ठरलेला. साखर परदेशी चालली, त्यालाही ठरलेलाच. पांढरी पोती गुलाबी झाली होती.

"थांबवा!" ताई ओरडल्या. हलगी थांबली.

चेअरमन पुढे आले. उंच माणूस, टोपीवर गुलाल, कपाळावर गुलाल, चेहऱ्यावर न मावणारा आनंद. "या ताई, तुमालाबी टिळा लावू."

"या दोन गाड्यांची पोती जानार न्हाईत."

"का? आत्ता तर पास केली की तुमी."

"पांढरी पास केली हुती. ही गुलाबी हायेत."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. चेअरमन हसले नाहीत. "आवं, गुलाल हाय तो. घान न्हाई."

"आपल्याला गुलाल. उघडनाऱ्याला तो रंग. खायच्या मालावर रंग कशाचा, म्हनून तो इचारील. मी काय सांगू? आमचे चेअरमन निवडून आले म्हनून?"

आता बरेच जण हसले. तबक हातात धरलेली एक म्हातारी मात्र चिडली. "बाई, पहिला माल घराभायेर चाललाय. ओवाळायचं बी न्हाई का?"

ताईंचा आवाज एकदम खाली आला. "ओवाळा की मावशी. गाडीला ओवाळा, ड्रायव्हरला ओवाळा, त्याची बायको खुश व्हईल. नुस्तं पोत्याला हात लावू नका."

चेअरमन जवळ येऊन हळू म्हणाले, "चार गावची मानसं बोलवलीत मी. त्यांच्यापुढं गाड्या रिकाम्या करायच्या?"

"व्हय," ताई म्हणाल्या आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "ह्या पोत्यांची पूजा झाली. पूजेचं ते देवाचं. देवाचं कुनी जहाजात घालतं का? ही गावात ऱ्हाऊ द्या, परसाद वाटा. परदेशाला कोरी पोती जातील."

म्हातारीने मान डोलावली, आणि तिने डोलावली म्हटल्यावर बाकीच्यांनी. टपावरची पोरं खाली उतरली, नळावर हात धुतले आणि हमालांच्या बरोबरीने पाठीला पोती लावू लागली. ताईंनी दोन्ही ट्रकचे तळ झाडून घेतले, पुसून घेतले, आणि गोडाऊनमधली कोरी पोती समोर उभं राहून भरून घेतली. ताडपत्र्या बांधल्या गेल्या.

निघताना चेअरमन म्हणाले, "आज तुमी आमचं ऐकलं न्हाई, ताई. आता तिकडं एक जरी डाग निघाला तर नाव कुनाचं?"

"माझं. सही हाय ती, रांगोळी न्हाई."

गाडीत बसल्यावर त्या मला म्हणाल्या, "लई मोठ्यानं बोलले का गं मी?" मी नाही म्हटलं. त्यांनी ते खरं धरलं नाही.

कोकणातल्या एका बंदरावर जहाज लागलं होतं. पोट तपासून झालं, काळोखात उभं राहून झालं, तळाला खाकी कागद अंथरून झाला. मानाचे म्हणून तेच दोन ट्रक रांगेत पुढे होते. पहिल्या ट्रकची पोती जाळ्यात रचून क्रेन उचलत होती आणि जहाजाच्या पोटात सोडत होती. ऊन छान होतं, वारा होता. ताई धक्क्यावर, पांढऱ्या शर्टात, प्रत्येक जाळं वर जाताना त्याच्याकडे बघत उभ्या. कारखान्याचा स्टोअरकीपर शेजारी उभा राहून मोबाईलवर गावाकडे व्हिडिओ पाठवत होता.

मग दुसऱ्या ट्रकची ताडपत्री ओढली गेली आणि वाऱ्यावर गुलाबी धूर उठला.

कुणाच्या लक्षात यायच्या आधी ताईंच्या आलं. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन क्रेनवाल्याला थांबायची खूण केली. गावात पोती बदलली होती, ट्रक झाडले होते. पण मागे सारून ठेवलेल्या ताडपत्र्यांच्या घड्यांत गुलाल जमला होता, आणि कोऱ्या पोत्यांवर त्याच ताडपत्र्या टाकल्या होत्या. पहिल्या ट्रकची ताडपत्री पलीकडच्या बाजूने निघाली होती, त्यामुळे आम्हाला कुणालाच काही दिसलं नव्हतं. त्यातली बरीच पोती एव्हाना खाली गेली होती.

आयुष्यभर वर बघणाऱ्या ताईंना त्या दिवशी नेमकं वरचंच दिसलं नव्हतं. त्या डगमगलेल्या मला दिसल्या नाहीत. फक्त त्यांनी रुमालाने चेहरा पुसला, जरा जोरात.

स्टोअरकीपर गयावया करू लागला. "ताई, झटकून टाकू. कळत बी न्हाई. परत काढायला लागलं तर चेअरमन मला गावात ठिवायचे न्हाईत."

जहाजाचा मुख्य अधिकारी वरून खाली आला. धूळच तर आहे, तो म्हणाला, समुद्रावर उडून जाईल, जहाजाला वेळ नाही. त्याच्या दृष्टीने तो खरं बोलत होता. ताईंना फक्त मान हलवायची होती. पलीकडे काही निघालं असतं तर वाटेत झालं म्हणता आलं असतं, जहाजावर ढकलता आलं असतं. तसं करणारे लोक या धंद्यात आहेत आणि ते सुखाने झोपतात.

"चीफ," ताई म्हणाल्या, "धिस इज नॉट युवर डस्ट. धिस इज माय डस्ट. बॅग कम अप."

त्याने माझ्याकडे पाहिलं, बहुधा मी काही वेगळं सांगेन म्हणून. मी म्हटलं, त्या म्हणतात तसंच.

ताई स्वतः खाली उतरल्या. त्यांच्या मागे हमाल उतरले, मीही उतरले. एकेक पोतं उलटून, शिवणीत बोट घालून बघायचं, कणभर रंग दिसला की वर पाठवायचं. हमालांना वैताग यायला हवा होता. पण ताई त्यांच्यात बसून पोती उलटत होत्या आणि तोंड चालूच होतं. "लाव हात. तुज्या लग्नातला गुलाल अजून कानात आसंल, तो इथं पाडू नको." हमाल हसत होते आणि काम चाललं होतं. खालचा कागद गुंडाळून नवा अंथरला. वर आल्या तेव्हा त्यांचा शर्ट कोपरापर्यंत गुलाबी झाला होता.

मग त्यांनी स्टोअरकीपरच्या फोनवरून चेअरमनना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. मला वाटतं, स्टोअरकीपरवर काही येऊ नये म्हणून.

"चेअरमन, गुलाल निघाला. ताडपत्रीत हुता. मी पोती बघितली, गाडी बघितली, ताडपत्री झटकून घेतली न्हाई. चूक माझी. पोती परत काढलीत, रिपोर्टात तसंच लिवनार हाय."

पलीकडे कारखान्याची घरघर ऐकू येत होती.

"सगळी निघाली का?" चेअरमननी विचारलं.

"निघाली आसं वाटतं. शंभर टक्के सांगता येत न्हाई."

"कमी पडतील तेवढी पोती लावून देतो," ते म्हणाले. आणि लगेच, "आन ताई, लिवताना नीट लिवा. पोती बघायचं काम तुमचं हुतं, ताडपत्री आमची हुती. दोगांची चूक लिवा."

ताई फोन बंद करून स्टोअरकीपरला देताना म्हणाल्या, "मोठा मानूस हाय तुमचा." आणि समुद्राकडे तोंड करून जरा वेळ उभ्या राहिल्या.

जहाज भरलं. झाकणं बंद झाली. पण सगळी निघाली का, हा प्रश्न आत राहून गेला. एखादं पोतं नजरेतून सुटलं असेल आणि पलीकडच्या माणसाने ते शोधून काढलं, तर एवढं करूनही तो म्हणणार की यांनी लपवून पाठवलं. कारखान्याला ते दार पुन्हा उघडलं नसतं.

दोन दिवसांनी चेअरमन स्वतः नागापूरला आमच्या ऑफिसात आले. आत येताना ते छताकडे बघत आले. ताईंनी ते पाहिलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

"उतरताना तिकडं परका मानूस बघनार," ते खुर्चीत बसत म्हणाले. "आमचं कुनीतरी पायजे. तुमीच जा. कारखान्याच्या वतीनं."

ताई कधी विमानात बसल्या नव्हत्या. पासपोर्ट कधीतरी हौसेने काढून ठेवलेला. रात्री त्यांनी राजूरला नवऱ्याला फोन केला. ते भाताची शेती बघतात, फार बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी ताईंनी मला त्यांचं उत्तर सांगितलं: "जा म्हनले. भात काय पळून जात न्हाई."

मग ताई गेल्या आणि आम्ही वाट बघू लागलो. चेअरमन मला रोज फोन करायचे. मला फोनवर बोलायला फारसं आवडत नाही, पण त्या दिवसांत मीच त्यांच्या फोनची वाट बघायला लागले होते. "ताईंचा निरोप?" एवढंच ते विचारायचे. मी नाही म्हणायचे. "बरं," म्हणून ते ठेवून द्यायचे.

आणि एका सकाळी ताईंचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. मागे क्रेन, माणसांचा न कळणाऱ्या भाषेतला गलका. "झाकन उघडलं बघ. कोरडं हाय. वरचा थर पांढरा हाय. लई बरं वाटलं." नंतर दुपारी, "मधला थर बी पांढरा." मग दोन दिवस काहीच नाही. आणि मग हे:

"तळाला एक निघालं. शिवनीत हुतं, चिमूटभर. इथल्या तपासनिसाच्या ध्यानात आलं नव्हतं, तो पुढं गेला हुता. मी हाक मारून दाखवलं. धिस वन इज माइन, म्हनलं. हे काय हाय, म्हनला. मी सांगितलं, आमच्याकडं लई आनंद झाला की हे उधळत्यात. त्या मानसानं पोत्यावर वाकून बराच येळ बघितलं. मग म्हनला, आमच्याकडं ढोल वाजवत्यात. एक पोतं बाजूला काढलं. बाकी समदं पास."

मी चेअरमनना फोन लावला आणि दुसऱ्या फोनवरून तो निरोप ऐकवला. त्यांनी पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाले, थांबा, आणि बहुतेक गोडाऊनमध्ये गेले, कारण पोती पडल्याचे आवाज येत होते. तिथं तिसऱ्यांदा ऐकवला. कुणीतरी म्हणालं, "त्या एका पोत्याचं सांगायची काय गरज हुती?"

"हुती," चेअरमन म्हणाले. एवढंच.

खरेदीदाराचं पत्र नंतर आलं, ते मीच उघडलं आणि मीच वाचून दाखवलं. पुढच्या हंगामाचा माल ते घेणार होते. फक्त एक विनंती होती: माल उतरताना स्वतःचा डाग स्वतः दाखवणाऱ्या त्या बाईच पुन्हा असाव्यात. आमच्या कंपनीने तिथल्या बंदरावर ताईंची नेमणूक केली. त्या राजूरला येऊन खाचरं बघून गेल्या, पापड-कुरडया घेऊन गेल्या, आणि आता हंगामभर तिकडेच असतात. तिथल्या हमालांना त्यांनी ताई म्हणायला शिकवलंय. ते म्हणतात, पण त्यांच्या तोंडून ते 'टाई' ऐकू येतं, असं ताई सांगतात.

नागापूरच्या ऑफिसात त्यांचं टेबल आता नव्या मुलाला दिलंय. तो हुशार आहे. शेजारच्या वर्कशॉपची ठोकठोक पूर्वी मला ऐकू यायची नाही, हल्ली येते.

त्या कारखान्याची पोती यंदा मी बघितली आणि मीच चढवली. ताडपत्र्या आधी अंगणात अंथरून झाडून घेतल्या. तबकवाल्या मावशींनी गाडीला ओवाळलं, ड्रायव्हरला ओवाळलं, आणि पोत्यांपासून हात लांब ठेवून मला विचारलं, "तुमच्या ताई हायेत ना तिकडं?" मी हो म्हटलं.

बंदरावर जहाजाची झाकणं बंद झाली तेव्हा मी धक्क्यावरून फोन लावला.

"ताई, झाकण लागलं."

"बघितलंस ना समदं?"

"बघितलं."

"मग पाठव की," त्या म्हणाल्या. "उघडायला मी हाय."